महागाई भत्त्याचं गाऱ्हाणं

माझं नाव क्षमा. वडिलांनी ठेवलं, भोळे होते बिचारे. आख्ख्या सेवक कॉलनीत विचारून बघा, ही बाई कोणाला क्षमा करते का म्हणून. लिफ्टच्या भांडणावरून मी दोन सेक्रेटरी घरी बसवलेत. तिसरा हा नंदकिशोर. त्याला चड्डीत असल्यापासून ओळखते म्हणून आजवर सोडला होता. तिथेच चुकलं माझं.

आमची कॉलनी मुलुंड पूर्वेला. सरकारी कारकुनांनी मिळून बांधलेली, सगळीच्या सगळी घरं नोकरदारांची. जुन्या इमारती पाडल्या, टॉवर झाला, खाली झकास एसी सभागृह झालं. त्याचं उद्घाटन शनिवारी होतं. त्याच आठवड्यात एका सकाळी नंद्या आमच्याकडे आला आणि स्मरणिकेची कोरी करकरीत प्रत आईच्या हातात ठेवून म्हणाला, "काकू, कॉलनीत सगळ्यांत जुन्या तुम्ही. समई तुमच्याच हातून पेटवायची. पैठणी नेसा हं." आणि गेला आपला शीळ घालत.

आई म्हणजे रत्नप्रभा. एकोणनव्वद पूर्ण. कान शाबूत, डोळे शाबूत, गुडघे तेवढे गेलेत. ती चष्मा लावून वाचत बसली आणि मी आत पोळ्या लाटायला गेले. बाहेर आले तर पुस्तक मांडीवर उघडं आणि ही भिंतीकडे बघत बसलेली.

"काय गं? बरं वाटत नाही का?"

"वाच," म्हणाली.

'आमचे मूळपुरुष' असा मथळा. खाली नंद्याचे आजोबा, विद्याधरपंत, काळी टोपी घालून. मजकूर असा, की दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत पंतांनी गोऱ्या साहेबाला ठणकावून कारकुनांसाठी महागाई भत्ता मिळवला, म्हणून सभागृहाला त्यांचं नाव. बरं, द्या. कोणाचंही द्या. पण शेवटची ओळ: 'याच काळात लवू नावाच्या एका कारकुनाने नोकरांच्या धान्यदुकानातील तांदळाची अफरातफर केल्याने त्यास बडतर्फ करावे लागले, त्या प्रसंगीही पंतांनी कचेरीची अब्रू राखली.'

लवू नावाच्या एका! आडनाव लिहायचीसुद्धा तसदी नाही. अरे, तो लवू माझ्या आईचा बाप. आणि हे पुस्तक शनिवारी घरोघर वाटणार, तेही आईने समई पेटवल्यावर, तिच्या डोळ्यांसमोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या गोष्टीवरून बाई कशाला पेटली? म्हणून मुळापासून सांगते.

साल त्रेचाळीस. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत आजोबा कारकून होते, पंत त्यांचे हेडक्लार्क. लढाई चालू, तांदूळ नुसता कडाडलेला. गोऱ्या साहेबाला लढाईचा वेगळा भत्ता, घरभाडं वेगळं, मडमेला थंड हवेच्या गावी धाडायचं तर त्याचा खर्च वेगळा. आणि आमच्या कारकुनांना काय? तर उपदेश! लढाई आहे, काटकसर करा. कशात काटकसर करायची, मेल्या? पेजेत? कारकुनांनी अर्ज केले, ते वर गेले आणि तसेच खाली आले. मग साहेबाने दम भरला, की लढाईच्या दिवसांत अशा अर्जावर जो पहिली सही करील त्याला मी दगाबाज समजेन. झालं! पहिली सही करायला कोणी मिळेना.

त्या कचेरीत दसऱ्याला पूजा व्हायची. टाईपरायटर, शिक्के, दौती मांडायच्या, झेंडूची माळ घालायची. कारकुनांची पोरं पेढ्यासाठी यायची, साहेब येऊन टिळा लावून घ्यायचा. आणि निम्मी कचेरी कोकणातली, त्यामुळे शेवटी गाऱ्हाणं व्हायचं. तुमच्याकडे ही पद्धत नसेल तर सांगते. आमच्यात कुठलंही कार्य असो, एक जाणता माणूस देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो. त्याच्या दर वाक्याला जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. विचारबिचार करून नाही हं. ठेच लागली की तोंडातून "आई गं" निघतं ना, तसं निघतं ते. गाऱ्हाणं घालायचा मान आजोबांचा. आवाज असा, की म्हणे खालच्या रस्त्यावरचे टांगेवाले वर बघायचे.

आणि डोकं चालवलं कोणी? याच विद्याधरपंतांनी. म्हणाले, "लवू, अर्ज नको आणि सही नको. तू गाऱ्हाण्यात भत्ता माग. आम्ही सगळे व्हय म्हाराजा म्हणतो. साहेब अर्थ विचारील, तो मी इंग्रजीत सांगतो. देवापुढचं मागणं! कोणा एकाला धरणार कसा?" सगळ्यांना पटलं. माझ्या भाबड्या आजोबांनाही पटलं. त्यांना वाटलं, देवापुढे व्हय म्हटलेला माणूस माणसांपुढे नाही कसा म्हणेल?

दसऱ्याला आजोबांनी गाऱ्हाणं घातलं, कचेरी गरजली. साहेबाने अर्थ विचारला, पंतांनी सांगितला. साहेब लालेलाल. "हे कोणाचं डोकं?" म्हणून ओरडला. तर आत्ता गरजणारे ते सगळे पठ्ठे आपापल्या वहाणा बघायला लागले. पंतसुद्धा. आजोबा म्हणाले, "माझं."

पुढे भत्ता आला. थोडाथोडका का होईना, सगळ्यांना आला. आजोबांना नाही, कारण तोवर त्यांना काढून टाकलेलं. पण देवापुढे मागणं मागितलं म्हणून काढलं, असं कागदावर कसं घालणार? कचेरीने नोकरांसाठी चालवलेल्या धान्यदुकानाची किल्ली आजोबांकडे असायची, तेव्हा एक पोतं कमी दाखवलं. साक्ष कोणाची? पंतांची. बाकीच्यांनी त्यांची री ओढली. आजोबा पुढे कुर्ल्याच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, बदलीतच संपले.

आईने हे कोणाकडून ऐकलेलं नाही. ती होती तिथे. सात वर्षांची, हातात पेढा घेऊन.

नंतरचं एक तिने मला फार उशिरा सांगितलं. पहिला भत्ता झाला तेव्हा पंतांची बायको कुर्ल्याच्या खोलीवर आली. पदराखाली तांदूळ लपवून. आजोबा म्हणाले, "वहिनी, हे परत न्या. चोराच्या घरी तांदूळ असतातच." ती बाई रडत गेली. आई म्हणाली, "मला भूक लागली होती गं. तांदूळ दारातून परत जाताना मी बघितले. तेव्हा मला पंतांचा नाही, बाबांचाच राग आला." हे सांगताना ती ऐंशीची होती आणि तरी तिची मान खाली.

तिचं लग्न झालं तेही नेमकं या कॉलनीत, जिथे पंत आणि कचेरीतली ती मंडळी राहायला आलेली. माझे वडील सरकारी नोकरीत, सगळी हकिगत माहीत असून त्यांनी तिला पसंत केलं. पण माझी आजी, म्हणजे तिची सासू, महामाया! "चोराची पोर आणलीय," म्हणायची, आणि तांदळाच्या डब्याला कुलूप लावायची. खरंखुरं पितळी कुलूप. रोज तांदूळ मोजून काढून द्यायची. आई त्या घरात कधी दुसऱ्यांदा भात मागून जेवली नाही. आजी गेली, कुलूप गेलं, डबासुद्धा भंगारात गेला, तरी नाही. मी "घे गं थोडा" म्हटलं की पानावर हात आडवा धरते. वडील हे सगळं बघून गप्प राहायचे. त्यांच्यावरचा तो राग अजून आहे माझ्या पोटात, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

आणि या सगळ्यावर मीठ चोळायला आमच्या कॉलनीची ती गंमत. सरकारने महागाई भत्ता वाढवला की कोणीतरी गॅलरीतून ओरडतो, "वाढला रे!" आणि सगळ्या मजल्यांवरून एकच गजर होतो, "व्हय म्हाराजा!" सारस्वत, देशस्थ, खालचा किराणावाला शाहसुद्धा ओरडतो, ज्याला भत्त्याशी काही देणं नाही. मी लहानपणी बेंबीच्या देठापासून ओरडायचे. आई मात्र त्या वेळी उठून खिडकी लावून घ्यायची. उन्हाळा असो की काही असो. मला वाटायचं तिला आवाजाचा त्रास होतो.

तर ते पुस्तक घेऊन मी तडक नंद्याच्या घरी गेले. तो सोफ्यावर, आणि त्याची आई सुलक्षणाकाकू खाली चटईवर मेथी निवडत बसलेली. काकू पंतांची सून, चौऱ्याऐंशीची.

"नंद्या, हे कोणी लिहिलं?"

"मी. का? छान झालंय ना?"

"छान? माझ्या आजोबाला चोर छापलंस आणि छान?"

त्याचा चेहरा पडला, ते मी नाकारत नाही. "लवू म्हणजे... अगं, मला खरंच माहीत नव्हतं ते तुझे आजोबा. घरात जे ऐकलं ते लिहिलं."

"आता कळलं ना? काढ ती ओळ."

"छापून आल्यात गं प्रती. आणि क्षमा, उगाच चिडू नकोस, पण बडतर्फ तर झाले होते ना ते? पुरावा काय तुझ्याकडे?"

"पुरावा हवा? भत्ता वाढला की तुम्ही काय ओरडता? व्हय म्हाराजा! कुठून आलं ते? तुझे आजोबा मालवणी होते? महागाई भत्त्याचा आणि गाऱ्हाण्याचा संबंध काय, सांग ना! कचेरीतून आलंय ते इथे. ज्यांनी त्या दिवशी व्हय म्हटलं त्यांनी आणलंय. पोरांना गजर शिकवला, आणि कोणाच्या जिवावर शिकलो ते गिळून टाकलं."

"मजा आहे गं ती लोकांची. त्याला पुरावा म्हणतात?"

तेवढ्यात काकू मेथीत बघतच म्हणाल्या, "नंदू, नको वाटूस ते पुस्तक."

"आई, तू गप्प बस. तुला काय कळतंय यातलं?" मग मला म्हणाला, "जाऊ दे ना यार. ऐंशी वर्षं झाली. कोण वाचतंय शेवटची ओळ?"

"माझी आई वाचते!" मी इतक्या जोरात ओरडले, की समोरच्यांनी दार उघडून बघितलं. बघू देत. दार आपटून मी निघाले.

घरी येऊन आईला म्हटलं, तू जायचं नाहीस, समई गेली खड्ड्यात. तर ही म्हणते, "जाणार. पैठणी काढून ठेव."

"अगं, लाज वाटत नाही का त्यांच्या पंगतीला बसायला? मी मात्र सोडणार नाहीये. माईक हिसकावून एकेकाची धुलाई करते की नाही बघ."

"तू भांडशील, आणि लोक म्हणतील क्षमा भांडली. ते तर रोजच म्हणतात." हे बोलून ती हसली. मला इतका संताप आला, की मी रात्री जेवले नाही. तिने आपला तो चमचाभर भात खाल्ला आणि पानावर हात आडवा धरला.

शनिवारी सभागृह गच्च भरलं. दारावर पितळी अक्षरांत पंतांचं नाव, आत टेबलावर स्मरणिकांचे गठ्ठे, मागे केटररची भांडी आणि मसालेभाताचा घमघमाट. हॉलमधला झाडून प्रत्येक जण सरकारी पगार नाहीतर पेन्शन खाणारा. प्रत्येकाच्या ताटात त्या भत्त्याचा घास आहे, हे मी मनात घोकत बसले होते. चाकाच्या खुर्चीतून मी आईला पुढे नेलं. व्यासपीठाला पायऱ्या होत्या, म्हणून समई खालीच मांडलेली. सुलक्षणाकाकू वर, पाहुण्यांच्या रांगेत.

आईने समई पेटवली, टाळ्या झाल्या. नंद्या माईकवर आला आणि म्हणाला, "आता आपल्या पूर्वजांची गाथा असलेली स्मरणिका आपण घरोघर—" मला तेवढंच पुरलं. मी खालूनच त्याच्या हातातला माईक ओढला.

"थांबा! त्या पुस्तकात एक खोटी ओळ आहे. ज्या माणसामुळे तुम्हाला भत्ता मिळाला त्यालाच यांनी चोर ठरवलंय. तो माणूस माझा आजोबा. आणि यांचे पंत—"

आवाज गेला. नंद्याने साऊंडवाल्याला खूण केली होती, दिसलं मला. मी तशीच ओरडत राहिले, पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझा आवाज कुठे पोचणार? लोक आपसात कुजबुजायला लागले. "आली हिच्या अंगात," कोणीतरी म्हणालं, आणि मागे हसू फुटलं. माझे डोळे भरून आले. रागाने, दुसऱ्या कशाने नाही. आई म्हणाली होती तसंच झालं, क्षमा भांडली, बस.

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला. मी आयुष्यात आईचा तसा आवाज ऐकला नव्हता. खुर्चीचे हात धरून ती उभी राहिली होती, समईकडे तोंड करून.

"बा देवा म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" अर्धा हॉल बोलून गेला. बोलल्यावर त्यांना कळलं, की आपण बोललो.

"आज ह्या दसऱ्याच्या दिवशी तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आज कुठला दसरा, असं एक जण म्हणाला, पण त्याचंही तोंड हललंच. हे तिचे शब्द नव्हतेच. सात वर्षांच्या पोरीने पेढा हातात घेऊन जे ऐकलं होतं, ते होतं ते. माझ्यापुढेसुद्धा तिने ते कधी म्हटलं नव्हतं.

"लढाय लागली हा, तांदूळ सोन्याच्या भावान विकतत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सायबाक लढायेचो भत्तो हा, आणि सायबाचा काम करणाऱ्यांका पेज पण पोटभर गावना नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळा हॉल. मागची पोरंटोरं, भात ढवळणारा केटरर, सगळे.

"सायबाक बरी बुद्धी दी, आणि जसो तेका तसो आमका पण म्हागाईचो भत्तो मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे काही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. गॅलरीतली ती गंमत कुठून आली, ते त्यांना उमगायला लागलं होतं.

"जो कोण मागे सरात तेका धरून पुढे आण, आणि ह्या सगळ्यांका एकमेकाच्या पाठीशी उभे कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आई थांबली. आजोबांचं गाऱ्हाणं तिथे संपलं होतं. लोकांना वाटलं झालं, कोणी टाळ्यांसाठी हात वर केले. तिने श्वास घेतला आणि पुढचं तिचं स्वतःचं सुरू झालं.

"भत्तो मिळालो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळ्यांका मिळालो, एका लवूक नाय मिळालो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मागताना सगळे होते, साक्षीच्या वक्ताक एक पण नाय होतो रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." आवाज मध्येच तुटला. जे पटकन बोलून गेले त्यांनी तोंडावर हात नेला.

"आणि माझ्या बापाशीक चोर म्हणान ह्या पुस्तकात छापल्यानी रे म्हाराजा!"

एकदोन बारीक आवाज आले. नंद्या व्यासपीठावर तसाच उभा, घामाने थबथबलेला. साऊंडवाला त्याच्याकडे बघत होता, पण बंद काय करणार? तिच्या हातात माईकच नव्हता.

आईने मान वळवली, समई सोडून माणसांकडे बघितलं. मी धरायला गेले तर तिने मला हाताने मागे सारलं.

"माझो बापूस चोर नव्हतो रे म्हाराजा!"

कोणी बोललं नाही. गाऱ्हाण्याला उत्तर न मिळणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला विचारा. आणि मला दिसत होतं ना, सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या, ऐंशी वर्षांपूर्वी आजोबांच्या पुढे गेल्या तशाच. अरे बोला रे! माझ्या तोंडून शिवी बाहेर पडणार, एवढ्यात व्यासपीठावरून आवाज आला.

"होय महाराजा."

सुलक्षणाकाकू. मालवणी येत नाही त्यांना, त्यांच्या स्वच्छ भाषेतच बोलल्या. खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "होय महाराजा. नव्हता चोर. माझ्या सासऱ्यांनी खोटी साक्ष दिली. सासूबाई दर दसऱ्याला मूठभर तांदूळ वेगळे काढून ठेवायच्या. कोणाचे म्हणून विचारलं, तर म्हणायच्या लवूभाऊजींचे, आणि रडायच्या. मी सून, मी काय बोलणार? मुलगा झाला, तो मोठा झाला, तरी नाही बोलले. परवासुद्धा हा गप्प बस म्हणाला आणि बसले मी."

मग पुढच्या रांगेतले कुणी म्हातारे खाकरले आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग त्यांच्या बाजूचे. मग सगळा हॉल. पण मघासारखा गजर नव्हता. एकेक जण वेगळं म्हणत होता, आपला आपण, हळू. आई ते शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली आणि मग खुर्चीत बसली.

पुढची भाषणं कोणी केली नाहीत. लोक उठून उगाच इकडेतिकडे करू लागले. कोणी माझ्याजवळ येऊन म्हणे, आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं हो. मी म्हटलं, ठाऊक करून घ्यायचं होतं मग, भत्ता तर बरोबर ठाऊक असतो. काय खोटं बोलले?

नंद्या आला. स्वतः ताट वाढून आणलं होतं, मसालेभात, तूप, पापड. आईच्या पुढ्यात गुडघे टेकून बसला. डोळे लाल. "काकू, चुकलं माझं. लहान समजून माफ करा. दोन घास खा."

माझ्या तोंडावर सतरा उत्तरं आली होती. लहान? साठीला टेकलास मेल्या! पण मी गप्प राहिले, कारण आईने ताटाकडे बघितलं. वाफाळलेला भात होता, आणि पंतांच्या नातवाच्या हातून आलेला होता. मला वाटलं, आता ही पानावर हात आडवा धरणार.

तिने हात नाही धरला. म्हणाली, "जेवणार. भूक लागलीय मला. पण आधी ते पान फाड. मग वाढ."

"काकू, सगळ्या प्रतींतून...?"

"सगळ्या."

तो उठला. गठ्ठा सोडला, एक प्रत उघडली, पान फाडलं. मग दुसरी. त्याच्या आजोबांचा काळ्या टोपीतला फोटो त्याच पानावर होता, तोही फाटत गेला. सुलक्षणाकाकू हळूहळू पायऱ्या उतरून आल्या आणि त्याच्या शेजारी बसून फाडायला लागल्या. मग दुसरे हात आले, तिसरे आले. सेवक कॉलनीतली सगळी साहेबमंडळी, सगळे निवृत्त अधिकारी, जमिनीवर मांडी घालून पानं फाडत होते, आणि केटररने झाकणं परत भांड्यांवर ठेवली. मी एकही पान फाडलं नाही. ते काम त्यांचं होतं.

शेवटची प्रत झाली तेव्हा ताटातला भात गार झालेला. नंद्याने तो बदलून गरम आणला. आई जेवली. सावकाश, भाताचं शीतही न टाकता. ताट रिकामं झालं तसं तिने ते माझ्याकडे सरकवलं.

"क्षमा," ती म्हणाली, "आणखी भात घेऊन ये."